पोटखराबा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. ते इतिहास शिकवत. मी पुढं वनस्पतिशास्त्राकडे वळलो, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं होतं. पण त्यांची एक खोड मी उचलली. कुठलाही सरकारी कागद हाती आला की त्यातला एखादा शब्द ते बोटानं दाबून धरायचे आणि विचारायचे, "हा कुणी लिहिला? कुणाच्या सोयीसाठी?" आज मी तसाच एक कागद बरोबर आणलाय. हा आमच्या घरचा सातबारा.

माणदेशातली कोरडवाहू जमीन आहे. तिच्यातलं १ हेक्टर ३० आर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास क्षेत्र, 'पोटखराबा' म्हणून नोंदलेलं आहे. शहरातून आलेल्यांसाठी सांगतो, पोटखराबा म्हणजे गटाच्या पोटातलं लागवडीला न येणारं क्षेत्र. खडक, ओघळ, मुरमाड चढ. त्यावर शेतसारा बसत नाही. महसुलाच्या हिशेबानं शब्द बिनचूक आहे आणि शेतकऱ्याच्या फायद्याचाही आहे, कारण जिथं ज्वारीचं ताट उभं राहणार नाही तिथला सारा त्यानं का भरावा?

पण हिशेबातला शब्द बघता बघता वर्णनाचा होतो. आमच्या घरात त्या तुकड्याचं नावच 'खराबा' पडलं. "कुठं गेलावतास?" "खराब्यात." "तिथं काय हाय?" "काय न्हाई." चाळीस वर्षं मी तिथं जातोय, कधी वही घेऊन, कधी नुसताच. तिथं 'काही नाही' म्हणजे काय काय आहे, एवढंच आज सांगणार आहे.

ज्या शास्त्राच्या आधारानं हे सांगायचं, त्याला आपण परिस्थितिकी म्हणतो. शब्द इतका जड आहे की विद्यार्थी तो पाठ करण्यातच दमतात. मूळ शब्द साधा आहे. एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८६६ साली तो घडवला तो ग्रीक भाषेतल्या 'घर' या शब्दावरून. मला विचाराल तर मराठीत याला 'घरोब्याचं शास्त्र' म्हणायला हवं होतं. घर म्हणजे नुसत्या भिंती आणि छप्पर. घरोबा म्हणजे कोण कोणाकडे जातं, कोण कोणाचं खातं, कोणाचं कोणाशी पटत नाही, आणि पटत नसलं तरी कोणावाचून कोणाचं चालत नाही. हेकेलच्या मनात याहून फार वेगळं काही नव्हतं. जीव आणि त्याच्या भोवतालचं जग, सजीव आणि निर्जीव दोन्ही, यांच्यातल्या संबंधांचं शास्त्र.

निर्जीवापासून सुरुवात करू, कारण आमच्या खराब्याची पहिली मालकीण हवा आहे. महाबळेश्वर आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशे पडला की लोक पेढे वाटतात. पावसाळी वारं समुद्रावरून येतं, सह्याद्रीला अडून वर चढतं, चढताना थंड होतं आणि तिथंच रितं होतं. मग पूर्वेला खाली उतरताना ते पुन्हा तापतं. तापलेली हवा पाणी सोडत नाही, उलट जमिनीतलं ओढून घेते. म्हणून आषाढात आमच्यावरून ढगांच्या फौजा जातात, सगळा दिवस वारं घोंघावतं आणि अंगणातली धूळसुद्धा बसत नाही. त्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ आणि त्यावर वीतभर मुरमाड माती. झाडानं इथं काय करावं? पाणी खोल मुरत नाही, कारण खाली खडक. आणि वर साठत नाही, कारण ऊन. बाभूळ, हिवर, बोर, खैर अशी चिवट मंडळी लांब लांब उभी राहतात. मधली सगळी जागा गवताची.

आता गवताबद्दल. याबाबतीत मी जरा पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करतो.

गवताचं पहिलं कसब असं की त्याचा वाढता कोंब तळाशी, जमिनीलगत असतो. झाडाचा शेंड्याला असतो. शेंडा खुडला की झाडाला नवी फांदी काढत बसावं लागतं. गवताचं पान शेळीनं अर्धं खाल्लं तरी खालून ते पुढं सरकत राहतं. म्हणजे खाल्लं जाणं ही गोष्ट गवतानं आपल्या घडणीतच धरून ठेवलेली आहे. त्याचा बराचसा संसारही जमिनीखाली असतो. वर वीतभर दिसतं, खाली मुळांचं दाट जाळं. चैत्रात माळ मेल्यासारखा पिवळा पडतो तेव्हा ही सगळी संपत्ती खाली सुखरूप असते आणि वळवाच्या एका सरीनंतर आठवडाभरात हिरवी होऊन वर येते.

दुसरं कसब पानाच्या आत आहे. वनस्पती अन्न तयार करते तेव्हा पानाची सूक्ष्म तोंडं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते. पण तोंड उघडलं की पाणी बाहेर जातं. त्यातून ऊन कडक असलं तर हवेतला कार्बन पकडणारं जे विकर पानात असतं ते गोंधळतं, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरून बसतं, आणि केलेली मेहनत वाया जाते. भात, गहू आणि जवळजवळ सगळी झाडं या अडचणीत सापडतात. आमच्या माळावरच्या मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांनी वेगळी तोड काढली. ती आधी दुसऱ्या, न चुकणाऱ्या विकरानं कार्बन पकडतात, पानाच्या आतल्या बंद खोलीत नेऊन साठवतात आणि मग तिथं पहिल्या विकराला कामाला लावतात. पाणी कमी जातं, उन्हाचा धाक उरत नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही यांचीच भावंडं. आपली भाकरी माळाच्या घराण्यातली आहे, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरचे सुद्धा मान वर करायचे.

मात्र या तोडीला एक अट आहे. ही गवतं उन्हासाठी घडलेली आहेत. त्यांना सावली सोसत नाही. ही अट लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

कुसळीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपण म्हणतो. त्या म्हणीतलं कुसळ कधी नीट पाहिलंय? बियाच्या टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागं वळलेली बारीक लव, आणि दुसऱ्या बाजूला पिळलेली लांब शेपटी. ही शेपटी हवेतल्या ओलीनं उलगडते आणि कोरडी झाली की पुन्हा पिळली जाते. पहाटेच्या दवानं एकीकडे वळते, दुपारच्या उन्हानं दुसरीकडे. या पीळ-उलटपिळानं बी गिरमिटासारखं मातीत शिरत जातं, आणि मागं वळलेली लव त्याला परत वर येऊ देत नाही. तोवर बियाच्या पोटातला जीव झोपलेलाच असतो. ही सगळी नांगरट दव आणि ऊन करतात. बी मातीत गेलं की वणवा वरून निघून जातो आणि ते खाली शाबूत राहतं. हीच कुसळं मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात घुसली की जखमा करतात, त्यामुळे मेंढपाळ त्यांच्या नावानं बोटं मोडतो. पण लोकरीत अडकलेलं कुसळ चार कोस पुढं जाऊन पडतं, हेही खरंच.

वाळलेलं गवत गेलं कुठं, हा प्रश्न पोरं विचारत नाहीत, मला तो नेहमी पडायचा. गुरं खातात त्याहून कितीतरी जास्त उगवतं. ओलसर प्रदेशात ते कुजतं, गांडुळं खातात. आमच्याकडे वर्षातले आठ महिने कुजायला ओलच नसते. इथं ते काम वाळवीकडे आहे. घराच्या चौकटीला लागली की आपण तिच्यावर रॉकेल ओततो, पण माळावर तीच बलुतेदार. आमच्याकडची वारुळं बांधणारी वाळवी शेती करते. गवताचा, काटक्यांचा चुरा वारुळात नेऊन ती त्याचे मधाच्या पोळ्यासारखे गड्डे रचते आणि त्यांवर एक बुरशी वाढवते. वाळलेल्या काडीतला टणक भाग तिला एकटीला पचत नाही, तो बुरशी पचवते. मग वाळवी ते मऊ झालेलं अन्न खाते. पावसाळ्यात वारुळातून अळंबी वर येते ती याच बुरशीची. पाऊस-वाऱ्यात आतली ओल आणि ऊब टिकून राहावी म्हणून वारुळाला बोळ, पोकळ्या सगळं असतं. त्यात पुढं नाग येऊन राहतो, त्याची आपण पंचमीला पूजा करतो. बांधकाम करणारी मात्र पूजेत कुठंच नसते.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी वारुळातून पंख फुटलेल्या वाळव्या धुरासारख्या बाहेर पडतात. त्या दिवशी माळावर जेवणावळ असते. कोतवाल, चंडोल हवेत झेप घेत टिपतात, जमिनीतून वर आलेले बेडूक तोंड उघडून बसतात, खोकड रात्रभर तोंड चालवत फिरतं. वर्षभर जे गवत कोणालाच खाता आलं नाही ते त्या एका संध्याकाळी पंख लावून सगळ्यांच्या ताटात येतं.

हा जो एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा घास आहे, त्याचा हिशेब रेमंड लिंडमन नावाच्या अमेरिकन तरुणानं मांडला. मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यात त्यानं वर्षानुवर्षं मोजमाप केलं. त्याचा लेख परीक्षकांनी आधी नाकारला, कारण त्यांना तो फार सैद्धांतिक वाटला. अखेर १९४२ साली तो छापून आला, पण त्याआधी काही महिने लिंडमन वारला होता. सत्ताविशीही गाठली नव्हती. त्याच्या मांडणीचा मथितार्थ सोपा आहे. गवतानं उन्हातून जेवढी ऊर्जा बांधली तिचा लहानसा हिस्साच गवत खाणाऱ्याच्या अंगी लागतो, ढोबळमानानं दहावा म्हणा. बाकीची जगण्यात, धावण्यात, अंग ऊबदार ठेवण्यात खर्च होते. त्या दहाव्या हिश्श्याचा दहावा हिस्सा पुढच्याला. म्हणूनच माळावर गवत अमाप, नाकतोडे पुष्कळ, सरडे बरे, ससाणे मोजके. आणि लांडगा दिसला तर माणूस गावात येऊन सांगतो. लांडगे मुळात थोडे असतात ते दुबळे म्हणून नव्हे. त्यांच्यापर्यंत येईस्तोवर ताटात उरतंच तेवढं.

लांडग्यावर जरा थांबू. भारतीय उपखंडातला हा सडपातळ, विरळ लोकरीचा लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक आहे, असं अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलंय. वाघाला जंगल मिळालं, अभयारण्यं मिळाली. लांडगा मात्र सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, साताऱ्याच्या माळांवर, म्हणजे कागदोपत्री पडीक असलेल्या जमिनीत राहिला. पूर्वी त्याचं भक्ष्य काळवीट आणि चिंकारा. ते कमी झाले तसा तो मेंढरांवर आला. मेंढरांबरोबर धनगर आला, आणि या दोघांचा घरोबा फार जुना आहे.

'बनगरवाडी' वाचलेल्यांना हा प्रदेश माहीत आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ते पुस्तक १९५५ सालचं. दुष्काळात मेंढरं घेऊन निघून जाणारी वाडी त्यात आहे. पण हे जाणं नुसतं संकटातलं नसतं, ते वर्षाच्या घडीतलंही असतं. पावसाळ्यात कळप आमच्याकडे, कोरड्या माळावर, कारण मेंढीला कोकणातला चिखल आणि झड सोसत नाही, खुरं सडतात. दिवाळीनंतर इकडचं गवत संपत आलं की धनगरांचा वाडा घाट उतरायला लागतो. घोड्यांवर संसार, कोंबड्या, कोकरं. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर कळप शेतात बसतो, सकाळी लेंड्या आणि मूत यांचं खत जागेवर. त्याचे पैसे नाहीतर धान्य मिळतं. माळावरचं गवत चालत चालत शेतात येऊन खत होतं, या प्रवासाला पुस्तकात पोषणद्रव्यांचं वहन म्हणतात. धनगर त्याला मेंढरं बसवणं म्हणतो आणि वर भाकरीही मिळवतो.

एका पावसाळ्यात आमच्या खराब्याशेजारी वाडा उतरला होता. आदल्या रात्री लांडग्यानं कोकरू नेलेलं. म्हातारा मेंढपाळ तंबाखू मळत बसला होता. मी विचारलं, "राग येत नाही?"

"येतो की, मास्तर. ल्योकावाणी वाढिवल्यालं असतंय." थोडं थांबून म्हणाला, "पर त्यो हाय म्हून मेंढरू कळपात ऱ्हातंय. त्यो गेला तर ही चहूकडं पांगतील, कुणाच्या पिकात शिरतील. मग मला कुत्री चार न्हाई, चौदा लागतील."

मी हे वहीत उतरवून घेतलं. पुढं बऱ्याच वर्षांनी शास्त्रीय नियतकालिकांमध्ये 'भीतीची परिस्थितिकी' असा विषय वाचायला मिळाला, तेव्हा तो म्हातारा आठवला. शिकारी प्राणी जेवढे मारतो तेवढाच त्याचा परिणाम असतो असं आपण धरून चालतो. न मारलेल्यांवर तो जास्त परिणाम करतो. ते कुठं चरतात, किती वेळ मान खाली ठेवतात, किती जवळजवळ राहतात, हे सगळं त्याच्या नुसत्या असण्यानं ठरतं.

याचा ताळा आमच्याच जिल्ह्यात निघालाय. साताऱ्याच्या पश्चिमेला, ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचं पठार आहे. सहलीला जाणाऱ्यांना तिथल्या पवनचक्क्या माहीत असतील. त्या पठारावर एक सरडा राहतो. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो, तिच्यात निळा, काळा आणि केशरी असे रंग. एवढा देखणा प्राणी, पण २०१६ सालापर्यंत त्याला स्वतःचं शास्त्रीय नाव नव्हतं. त्या वर्षी तज्ज्ञांनी त्याची नवी प्रजाती आणि नवी जातकुळी नोंदवली, आणि जातकुळीला नाव दिलं 'सरडा'. जगभरच्या लॅटिन यादीत आपला मराठी सरडा जाऊन बसला. मला याचा वाजवीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी याच सरड्याकडे पाहून एक प्रश्न विचारला. पठारावर काही भागात पवनचक्क्या आहेत, काही भागात नाहीत, गवत-दगड मात्र सारखेच. दोन्हीकडे काय फरक पडलाय? त्यांचा लेख २०१८ साली आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी होते. फिरत्या पात्यांना ते टाळतात. तिथं सरड्यांची संख्या वाढलेली होती. इथपर्यंत कुणीही सांगू शकलं असतं. पुढचं ऐका. त्या भागातले सरडे माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं. म्हणजे खुशाल, निर्धास्त प्रजा. पण ते अंगानं हडकुळे होते, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके. तोंडं वाढली, नाकतोडे तेवढेच. रंग अंगावर चढवायला जे लागतं ते दाटीत पुरं पडत नसावं, असा संशोधकांचा अंदाज.

विचार करा, पवनचक्कीनं सरड्याला हातही लावला नाही. तिनं आकाशातली एक सावली काढून घेतली आणि खाली, दगडावर बसलेल्या प्राण्याचा रंग उतरला. मी पवनचक्क्यांच्या विरोधात उभा नाही, माझ्याही घरात वीज जळते. पण 'वाऱ्याची वीज कुणाचं काही घेत नाही' हे वाक्य मी आता म्हणत नाही. चाळकेवाडीला ससाणा जे करत होता तेच, म्हाताऱ्याच्या हिशेबानं, आमच्याकडे लांडगा करतो.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. माळ म्हणजे मोडलेलं जंगल, अशी एक समजूत शास्त्रातही खोलवर बसलेली होती. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली मांडलं की कुठलाही भूभाग सोडून दिला तर तो पायरी पायरीनं एका ठरलेल्या शेवटाकडे जातो. उघड्या जमिनीवर आधी गवत, मग झुडपं, मग झाडं. आपल्याकडे ही शिडी जशीच्या तशी घेतली गेली. दबडघाव आणि शंकरनारायण यांचं भारतीय गवताळ प्रदेशांवरचं १९७३चं मोठं काम मी आदरानं वापरत आलोय. दख्खनच्या गवतांची त्यांनी केलेली वर्गवारी आजही उपयोगी पडते. पण त्यांच्याही लेखी हे गवत म्हणजे जंगलाच्या अलीकडची, कुऱ्हाड-वणवा-चराईनं अडवून ठेवलेली पायरी. मग उपाय ओघानंच आला. पायरी चढायला मदत करा, झाडं लावा.

या समजुतीला छेद देणारे पुरावे वेगवेगळ्या दिशांनी आले. शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनवरून दिसतं की उन्हात निभावणाऱ्या त्या गवतांनी ७०-८० लाख वर्षांपूर्वीच तिथं बस्तान बसवलं होतं. तेव्हा कुऱ्हाड सोडा, माणूसच नव्हता. आमच्या गुरुजींना आवडला असता असा पुरावा मात्र अलीकडचा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली छापलेल्या अभ्यासात जुनं मराठी साहित्य, संतचरित्रं, ओव्या, दैवतकथा यांतले रानातल्या झाडांचे उल्लेख गोळा केले. तेराव्या शतकापासूनचे. ४४ वनस्पती मिळाल्या आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश उघड्या माळाच्या, काट्याकुट्याच्या. दाट जंगलाच्या म्हणाव्यात अशा अगदी हाताच्या बोटांवर. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात संत कान्होपात्रेची आठवण म्हणून झाड कोणतं दाखवतात? तरटी. कोरड्या, मुरमाड माळावरचं काटेरी झाड. संतांच्या काळी इथं घनदाट अरण्य असतं तर देवाच्या दारात उगवलेल्या झाडाची कथा तरटीची झाली नसती.

पण घाईनं दुसऱ्या टोकाला जाऊ नका. घाटमाथ्याकडच्या कितीतरी टेकड्या खरोखरच तोडून उघड्या पडलेल्या आहेत, तिथं जंगल परत यायला हवं. आणि खरा माळही बिघडतो. चराई बेसुमार झाली की आधी पवन्या जातो, मग मारवेल, मग कुसळं आणि तरवड तेवढे उरतात. दरवर्षी वणवा लावला तरी तेच. मधूनमधून लागलेली आग माळ सोसतो, बायाबापड्यांना वाटतं तशी ती 'गवत चांगलं यावं म्हणून' सालोसाल लावायची गोष्ट नाही. त्यामुळे समोरची जमीन जुना माळ आहे की उजाड झालेलं रान, हे नकाशावरून नाही ठरवता येत. वाकून पाहावं लागतं. बहुवर्षायू गवतांची ठोंबं आहेत का, पावसाळ्यात कंदातून वर येणारी फुलं आहेत का? कंदीलपुष्पासारखी वनस्पती जिथं सापडते तिथली माती फार दिवस कुणी उलथवलेली नसते.

आणि आता ती अट. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ यांची दाट लागवड माळावर केली की पहिली सावली येते आणि त्या सावलीत उन्हाची गवतं मरतात. त्याआधी चर खणले जातात, त्यात शंभर वर्षांचं मुळांचं जाळं तुटतं. गवत गेलं की नाकतोडे गेले, नाकतोडे गेले की हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या भोवत्या पक्ष्यांचं अन्न गेलं. हे पक्षी रात्री झोपतातही गवतातच, जमिनीवर. आणि धाविक, पखुर्डी, माळटिटवी, माळढोक हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे. माळढोक तर एका वेळी बहुधा एकच. सोलापुरात नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. उघड्यावर अंडं घालणाऱ्या पक्ष्याचा भरवसा दोनच गोष्टींवर असतो. एक, अंडं खड्यासारखं दिसतं. दोन, चारी बाजूंना लांबवर दिसतं, आणि वरून पाहणाऱ्याला बसायला उंच जागा नसते.

हे मला घरात समजावून सांगता आलं नाही, ते सांगतो आणि थांबतो. आमच्या पुतण्यानं मागच्या उन्हाळ्यात खराब्यात झाडं लावायचं ठरवलं. मुलगा चांगला आहे, हौशी आहे, गावातल्या पोरांना घेऊन श्रमदान करतो. मी दोन संध्याकाळी त्याच्यापाशी हेच सगळं बोललो, तुमच्यापेक्षा जास्त वेळ घेऊन. तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणताय ते खरं असेल, पण लोक विचारतात, एवढी जागा पडून का ठेवली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त एवढं म्हटलं की वरच्या ओघळीजवळ माळटिटवीची चार अंडी आहेत, तेवढी जागा सोड.

त्यानं सोडली. खड्ड्यांची ओळ दहा पावलं सरकवली, अंड्यांभोवती लहान दगडांचं कडंसुद्धा केलं. खड्डे कुठं आहेत ते पोरांना दिसावं म्हणून प्रत्येकाशेजारी छातीएवढी काठी रोवली. तिसऱ्या सकाळी आम्ही दोघं गेलो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. सगळ्यात जवळच्या काठीच्या टोकावर कावळा बसला होता, आणि दगडांच्या कड्यात दोन अंडी उरली होती.

पुतण्या काही बोलला नाही. त्यानं कावळा हाकलला, ती काठी उपटून खांद्यावर टाकली आणि पुढच्या काठीकडे चालू लागला.